गव्हाचं सत्त्व

"नाखून दिखाओ."

डॉक्टर मला बोलला, पोरीला नाय. मी दोन्ही हात पुढे केले. नखांत कणीक सुकलेली, मॅडमच्या वीस पोळ्या लाटून तशीच धावत आले होते. डॉक्टर मॅडमकडे बघून हसला. "बच्ची की बीमारी यही है." मॅडम पण हसल्या. आणि मी? मी पण हसले. माझी पाच वर्षांची पोर माझ्या अबायाचं टोक धरून उभी, पोट मडक्यासारखं फुगलेलं, हातपाय काड्या, आणि मी हसले.

मॅडम म्हणजे पुण्याच्या इंजिनियरची बायको. इथे सौदीत, अल मलाझमध्ये मोठा फ्लॅट. मी त्यांच्याकडे पोळ्या करायची. डॉक्टर आपल्याकडचाच, त्यांच्या ओळखीचा, म्हणून सोबत आल्या. उपकार केले. दोघं इंग्लिशमध्ये माझ्याबद्दल बोलत राहिले. 'हायजिन' तेवढं कळलं. जंताचं औषध दिलं. पाचव्यांदा.

दीड वर्ष चालू होतं पोरीचं हे दुखणं. पांढरट, घाण वासाचे जुलाब. गावी होती तोवर भातावर वाढली, धड होती. इथे आलो आणि सुरू झालं. शाळेतून टीचरचा फोन, घेऊन जा हिला. पोर शाळेच्या हिंदीत बोलायची, "मम्मी, पेट में कोई काट रहा है." नवरा एसी मेकॅनिक, दिवसभर गच्च्यांवर उन्हात, तो काय करणार. मी हात धुवायचे. तिचे धुवायचे. पाणी उकळायचे. साबणाने माझे हात सोलून निघाले. काय फरक नाय.

गावाहून सासूबाई फोनवर बोलल्या, "अगो, पोरीच्या अंगात ताकदच नाय. गव्हाचं सत्त्व घाल तिला." घातलं. गहू तीन दिवस भिजवला, वाटला, गाळला, चीक खाली बसवला, ताटात वाळवला. सकाळ-संध्याकाळ तूप घालून शिजवलं. ती तोंड फिरवायची. मी नाक दाबून भरवलं. ओकली की परत भरवलं. मॅडम उरलेल्या पोळ्या द्यायच्या, "ने गं मुलीला, अशा मऊ पोळ्या तुमच्याकडे कुठे होतात." माझ्याच हातच्या पोळ्या. त्या पण भरवल्या.

मग मॅडम सुट्टीला पुण्याला गेल्या. पोळ्या बंद. सत्त्व पण संपलेलं. घरात भात, पेज, मासे. बारा दिवसांत पोरीचं पोट उतरलं. जिन्यात पळायला लागली. मी देवाला हात जोडले, डोकं नाय चालवलं. मॅडम आल्या, पोळ्या आल्या, तिसऱ्या दिवशी पोर आडवी. तेव्हा मी ओट्यावरची पोळी हातात घेऊन बघत राहिले. गहू. आणि भरवला कोणी? मी. नाक दाबून.

दुसऱ्या दिवशी मॅडमना न सांगता एकटीच पोरीला घेऊन गेले. त्याच डॉक्टरला सगळं सांगितलं, एका दमात, मोडक्या हिंदीत. गव्हाने होतं, भाताने नाय. याची कायतरी टेस्ट असेल ना?

"कितना पढ़ी हो?"

"आठवीं फेल."

"अच्छा. तो तुम इधर बैठो, मैं जाके रोटी बनाता हूँ."

नर्स फिदीफिदी हसली. तो बोलला, सी क्लासचं, सगळ्यात खालचं इन्शुरन्स आहे तुमचं, टेस्टबिस्ट काय मिळणार नाय, हात धुवा. "यल्ला, नेक्स्ट."

आणि माझ्या पोरीने, कुणी न सांगता, दोन्ही हात त्याच्यापुढे केले. नखं दाखवली.

मी तिचे हात खाली घेतले. खुर्चीत बसले. "साब, कागज पे लिखो. माँ बोली, गेहूँ से होता है, टेस्ट करो. मैं नहीं करता. ऐसा लिखो. नीचे अपना नाम लिखो."

"बाहर जाओ."

"लिखो."

सिक्युरिटीला बोलावतो बोलला. बोलव. इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, नवऱ्याला हाकलतील, सगळं डोक्यात फिरत होतं. पण उठले नाय. बाहेर रांग वाढली. एक सौदी बाई दार ढकलून आत आली, उशीर का म्हणून ओरडायला लागली, आणि तिच्यापुढे हा लगेच मऊ झाला. मग मला उठवायला त्याने टेस्ट लिहिली. कागद टेबलावर फेकला. मी उचलला.

इन्शुरन्सचं अप्रूव्हल अजून आलं नाय. लॅबच्या खिडकीवरची केरळची सिस्टर हळूच बोलली, "गेहूँ बंद मत करना. बंद किया तो टेस्ट में पकड़ेगा नहीं."

म्हणजे आता माहीत असून भरवायचं. रोज एक पोळी. पोर रडते, "मम्मी, क्यों?" मी खोटं नाय बोलत. सांगते, याने दुखणार आहे, मला माहीत आहे, तरी खा.

मॅडमचं काम सोडलं. "इतकं केलं गं तुझ्यासाठी," त्या फोनवर बोलल्या. मी फोन ठेवला.

रोज पोरीला घेऊन काउंटरवर उभी राहते. आलं का? नाय. परत जाते, विचारते. टेस्टमध्ये गहू नाय निघाला तर मग काय, ते विचारणार. ते पण नसेल तर पुढचं. माझ्या पोरीला काय झालंय ते कुणीतरी कागदावर लिहून देईपर्यंत मी इथून हलणार नाय. हाकलून बघा.