मुदत संपलेली साखळी

झोका बांधायचं घरात ठरलं, साखळी आणायचं काम माझ्याकडं आलं. मी पडलो काटकसरीचा पुतळा. दुकान सोडून थेट बजाजनगरच्या भंगारवाल्याकडं गेलो.

तिथं कारखान्याचा पन्नाशीचा एक कामगार उकिडवा बसून, सोबत आणलेली क्रेनची साखळी गॅस कटरनं कापत होता. कापायच्या आधी प्रत्येक कडीवरून तो अंगठा फिरवायचा, विकायला काढलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"अहो, धडधाकट दिसतीय. मला द्या की झोक्याला," मी म्हणालो.

"मुदत संपली तिची," तो मान वर न करता बोलला.

भंगारवाला कुरकुरला, "अख्खी दिली तर भाव चांगला मिळंल. पर ह्यो मानूस तुकडं केल्याबिगर हालत नाय."

"क्रेनच्या मालापेक्षा माझं वजन कमीच भरेल," मी पोट आत घेत म्हणालो.

तो हसला नाही. त्यानं कटर बंद केला.

"अशीच एक अख्खी भंगारात गेलती, दादा. कुणीतरी रंग देऊन, नव्या मुदतीचा बिल्ला अडकवून ती परत आमालाच विकली. क्रेनवर मीच चढवली. बिल्ला बघितला, साखळी नाय बघितली. खाली माझा भाऊ हुबा होता."

मग त्यानं कटर पुन्हा पेटवला.

मी दुकानातून नवी साखळी घेतली. 'बाबांचा हात सैल झाला' म्हणून पोरं अजून माझी चेष्टा करतात. मी झोक्यावर बसतो, पण आधी कड्यांवरून अंगठा फिरवतो.