पुढं तिचं काय झालं?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. सांगायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

नाटक मंडळीत मी बायकांची कामं करायचो. सोलापुरात बोलपट आले आणि आमची मंडळी बसली. मग एका थिएटरच्या मालकांनी मला बोलावलं. मुंबईत कुणाकडे तरी त्यांनी रेडिओवर एका बोलपटाचा तुकडा ऐकला होता, ऐन मोक्यावर तोडलेला, आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मला म्हणाले, "आपल्या गावात रेडिओ कितीजणांकडं हाय? तूच आमचा रेडिओ!"

झालं. टांग्याच्या दोन्ही बाजूंना चित्रांच्या पाट्या, पुढे ताशा आणि माझ्या तोंडाला पत्र्याचा कर्णा. मिलचा भोंगा झाला की फाटकाशी उभं राहायचं आणि चित्रातले तुकडे आवाज बदलून ऐकवायचे. चित्र तलवारबाजीचं होतं. मी राजपुत्र झालो, राक्षस झालो, वेळ आली तेव्हा घोडासुद्धा झालो. लोक हसायचे आणि घराची वाट धरायचे. मालकांचं तोंड दिवसेंदिवस आंबट होत चाललं. पुन्हा घरी बसायची पाळी येणार, हे मला दिसत होतं.

आता खरं सांगायचं ते — पण आधी वहिनींचं सांगायला हवं.

माझा थोरला भाऊ आदल्या हिवाळ्यात तापानं गेला. वहिनी वळसंगच्या, मुळातच अबोल. पण त्याला उचलताना त्यांनी जो गळा काढला — "अवो धनी, सांगोल्यासनं घोंगडं आणतो म्हणला व्हता न्हवं? थंडी आली की वो! आता मी कुणाची वाट बघू?" — अंगावर काटा आला. मीही रडत होतो. आणि रडता रडता माझा कान तो हेल टिपून घेत होता. सख्ख्या भावाच्या तिरडीपाशी! त्यानंतर वहिनी रडल्या नाहीत. बोलणंही जवळजवळ थांबलं. स्वयंपाक करायच्या, भांडी घासायच्या, भिंतीकडे बघत बसायच्या.

एका संध्याकाळी फाटकाशी कुणी म्हणता कुणी थांबेना. मला काय झालं कोण जाणे — कर्णा उचलला आणि त्यातून वहिनींचं रडणं बाहेर पडलं. शब्दन् शब्द. तोच आवाज. मी स्वतःच हादरलो. ताशेवाल्याचा हात थांबला. मिलमधून सुटलेल्या बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या, मराठी धड न कळणाऱ्या तेलुगू बायाही पदर डोळ्याला लावू लागल्या. तिथंच थांबावं की नाही? मी मोक्यावर तुकडा तोडला आणि ओरडलो, "पुढं तिचं काय झालं? पडद्यावर बघा!"

खेळ भरला. मग दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चित्रात अशी बाई नव्हतीच, पण एवढ्या मारामारीत कोण विचारतो? टांगा सगळ्या पेठांतून फिरला, फक्त आमच्या गल्लीत मी तो कधी नेला नाही. का नेला नाही? मला कळत होतं म्हणूनच ना?

पण वहिनी बाजाराला जायच्या. एका मंगळवारी कर्णा तोंडाशी असतानाच गर्दीच्या मागे त्या दिसल्या, हातात पिशवी, नजर माझ्याकडे. तरी मी तुकडा पुरा केला.

घरी त्या भाकरी वाढताना आपणहून बोलल्या. कितीतरी महिन्यांनी.

"भावजी, तुमच्या शिणमातली बाई लई माझ्यावानी हाय वो. फुडं तिचं काय झालं?"

त्यांनी ओळखलं नव्हतं. शुद्ध हरपलेली असताना आपण काय बोललो, ते कुणाला आठवतं? सांगायची वेळ होती ती हीच. आणि मी म्हणालो — काय म्हणालो असेन? — "चित्रातच बघा की, वहिनी."

तीनच्या खेळाला त्या आल्या. जन्मात पहिल्यांदा. मी दाराशी उभा राहून पडद्याकडे नव्हे, त्यांच्याकडेच बघत होतो. लोक शिट्या मारत होते, हसत होते. वहिनी पुढे वाकून, पदराचं टोक दातात धरून बसल्या होत्या. पडद्यावर कुणीही बाई आली की मान उंचावायची, मग पुन्हा खाली जायची. तसं एकटं मागं राहायची पाळी आलेली बाई पुढं कशी जगते, एवढंच त्यांना बघायचं होतं. खेळ संपला, माणसं गेली, तरी त्या उठेनात.

वाटेत म्हणाल्या, "ती बाई दिसलीच न्हाय."

मी पावलं भरभर उचलली.

मग त्याच म्हणाल्या, "मधी माझाच डोळा लागला आसंल."

त्यांची पापणीसुद्धा लवली नव्हती, मी बघत होतो. आणि मी म्हणालो, "व्हय वहिनी, लागला असंल."

दुसऱ्या दिवशी मिलचा भोंगा झाला. फाटक उघडलं. मी कर्णा तोंडाला लावला आणि वहिनींच्या आवाजात पुन्हा घोंगडं मागितलं.