अर्ध्यावर थांबवलेली टेप

दुपारी अडीचच्या सुमारास फोन वाजला आणि स्क्रीनवर नाव आलं… ‘कांती’. जेवून नुकताच आडवा झालो होतो. सवयीनं म्हणालो, “बोल रे.” पलीकडून कोणी बोलेना. पंख्याची घरघर आणि कोणाचा तरी श्वास, एवढंच ऐकू येत होतं. “अरे, बोल की,” मी पुन्हा म्हणालो. मग त्याच्या सुनेचा, नीताचा आवाज आला. “मास्तर, पप्पा गेले. जेवून खुर्चीत बसले होते… तसेच.” या गोष्टीला आता दीड महिना होईल. त्याच्या जाण्याची बातमी त्याच्याच फोनवरून आली आणि मी गेलेल्या माणसाला दोनदा ‘बोल’ म्हणालो. तो श्वास नीताचाच असणार, दुसरा कोणाचा असणार? पण मनाला हे रोज नव्यानं समजवावं लागतं.

कांतीलालचं घराणं मूळचं राजस्थानातलं. पणजोबा नारायणगावात आले, पेठेत भांड्यांचं दुकान टाकलं आणि इथलेच झाले. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. पुढं मी वारूळवाडीच्या शाळेत मास्तर झालो, फावल्या वेळात पेटी वाजवायचो, गाणी लिहायचो. कांती दुकानात बसला तरी त्याचं लक्ष हायवेकडं. जत्रांच्या हंगामाआधी तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागत, गावोगावचे पंच कार्यक्रम ठरवायला येत. हा घागर विकता विकता त्यांना सांगायचा, “पावणं, त्या फडात यंदा गळा न्हाई. पलीकडच्या राहुटीत जावा, तिथली पोरगी ऐका.” त्याचं सांगणं कधी चुकलं नाही. हळूहळू पंच आधी त्याच्या दुकानात यायला लागले, मग कलावंतही आले, आणि कोणी नेमणूक न करता कांती दहा-बारा जणांचा मॅनेजर होऊन बसला. स्वतः मात्र कधी एक ओळ गुणगुणला नाही. “माझ्या गळ्यात देवानं भांडी आदळलीत,” म्हणायचा.

दुकानामागच्या गोदामात त्यानं रेकॉर्डिंगची खोली केली. भिंतींना गोधड्या ठोकल्या, पुण्याहून स्पूल टेपचं मशीन आणलं आणि ‘मीनाकाठ कॅसेट्स’ सुरू झालं. मीना नदी मागूनच वाहते, म्हणून ते नाव. एकदा हेच मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मोठ्या हंड्यात घालून आम्ही घाटघरला नेलं होतं. भातलावणीची गाणी टिपायची होती. बाया मशीनपुढं तोंड उघडेनात. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “शेठ, तुमी तिकडं त्वांड करून बसा. तुमचं डोळं गाणं वढून घेत्यात.” कांती चिखलात पाठ करून बसला आणि बाया गायल्या. तेव्हापासून कोणाचंही रेकॉर्डिंग असो, तो गाणाऱ्याकडं पाठ करून बसायचा. नव्या माणसाला ते विचित्र वाटायचं. भिंतीकडं तोंड करून निश्चल बसलेला माणूस, आणि त्याच्या पाठीमागं कोणीतरी गातंय.

त्याला मिळालेला सगळ्यात मोठा गळा म्हणजे लोणीच्या शेवंताबाई. त्या वरच्या पट्टीत गेल्या की भिंतीपलीकडच्या दुकानातली तांब्या-पितळेची भांडी आपोआप गुणगुणायला लागत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही घाबरून दुकानात धावलो. तिथं कोणीच नव्हतं, नुसत्या घागरी घुमत होत्या. मग त्यांच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी घागरींत चिंध्या कोंबायची पद्धत पडली. शेवंताबाईंच्या कॅसेट एसटी स्टँडवर, टेम्पोत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं वाजायच्या. माझं एक गाणं त्यांना फार आवडलं होतं, ‘बांधावरती सावली माझी विसरून आले गं’. ते रेकॉर्ड करायचं ठरलं. पहिला अंतरा सकाळी झाला, मला शाळा गाठायची होती म्हणून मी निघालो. दुसरा अंतरा उद्या, असं ठरलं. तो उद्या आला नाही. त्याच सकाळी, मी गेल्यावर, शेवंताबाई कार्यक्रमाला निघाल्या आणि जीप घाटात कोसळली. त्यांची पाच वर्षांची मुलगी मंगल तेवढी वाचली, कारण ती कांतीच्या घरी होती.

मंगल लोणीला मामाकडं वाढली. कांती दर महिन्याला तिला भेटायला जायचा. तिच्या शाळेच्या दाखल्यापासून लग्नापर्यंत प्रत्येक ठिकाणी हा उभा. कॅसेटी संपल्या, सीडी आल्या आणि गेल्या, मोबाइलवर सगळं फुकट झालं, मीनाकाठ बंद पडलं. त्या अर्ध्या गाण्याची टेप मात्र त्यानं कधी बाहेर काढली नाही. मी कितीदा म्हणालो, एकाच अंतऱ्याचं का होईना, लोकांना ऐकू दे. तो ‘नको’ म्हणून मान हलवायचा.

चारेक महिन्यांपूर्वी पुण्याहून एक मुलगा आला. कोणत्या तरी कंपनीचा, अत्यंत नम्र. जुन्या टेपा कॉम्प्युटरला ऐकवल्या की कॉम्प्युटर तोच आवाज काढून नवं गाणं म्हणतो, असं त्यानं समजावलं. “सर, शेवंताबाईंचं अपुरं गाणं पूर्ण करता येईल.” कांती म्हणाला, “आई मंगलची हाय. तिला इचारा.” मंगल आता लोणीच्या अंगणवाडीत असते, पस्तिशी ओलांडलेली, कमी बोलणारी बाई. ती म्हणाली, “मला आईचा आवाज कॅसेटवरचाच ठावं हाय. अजून थोडा ऐकायला मिळत असंल, तर का नगं?” कांतीनं बाकीच्या कॅसेट दिल्या, मी तेव्हाचाच दुसरा अंतरा पुन्हा लिहून दिला.

महिन्याभरानं आम्ही चौघं त्या गोदामात बसलो. मुलानं बटण दाबलं आणि शेवंताबाई गायल्या. ‘दिवे लागता परत येईन, दार उघडं ठेव गं.’  तोच गळा, तीच शब्दाच्या शेवटी घेतलेली मुरड. फक्त कुठंच श्वास नव्हता. आणि वरच्या पट्टीत भिंतीपलीकडं एक घागर घुमली. कांतीनं चटकन तिकडं पाहिलं.  मंगलनं मात्र त्या मुलाला हळूच विचारलं, “ती मला नावानं हाक मारील का?” मुलगा बिचारा खूश करायला निघालेला. त्यानं काहीतरी टाइप केलं. स्पीकरमधून हाक आली, “मंगल…” पुन्हा आली, “मंगल…”

कांती उठला आणि त्यानं मेन स्विच ओढला. अंधारातून तो म्हणाला, “बस. ती तुला मंगल कधीच म्हणली न्हाई.”

“मग काय म्हणायची?” मंगलनं विचारलं. “मला न्हाई आठवत, काका.”

त्यानं मुलाला ते सगळं पुसून टाकायला लावलं आणि आम्हाला घरी पाठवलं. आठ दिवसांनी त्यानं मला नि मंगलला पुन्हा बोलावलं. मशीनवर ती जुनी टेप लावलेली होती. “ऐक,” तो मंगलला म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

पहिला अंतरा संपला. मग शेवंताबाईंचा बोलायचा आवाज आला. “मने, उन्हात नगं बसू गं, आत ये.” मंगलनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. पुढं टेपवर त्या म्हणत होत्या, “कांतीशेठ, आज जायला नगं वाटतंय. पोरीचं अंग तापलंय.” आणि तरुण कांती म्हणाला, “शेवंताबाई, माझा शब्द गेलाय त्या गावाला. येवढा एक कार्यक्रम करून या. मनीला आमच्या घरी ठिवा.”  मग, “बरं. येते.”

कांतीनं तिथं टेप थांबवली. नेमकी तिथं, न बघता, अंदाजानं. तीस वर्षं तो हे ऐकत आला होता आणि इथंच थांबवत आला होता, हे मला त्या बोटावरून कळलं. “म्या पाठवली तिला,” तो भिंतीशीच बोलला. “तुला हे सांगायला लई उशीर केला.”

मंगल म्हणाली, “परत लावा.” त्यानं लावली. ती पुन्हा म्हणाली, “परत.” तिसऱ्यांदा ‘येते’ झाल्यावर ती उठली, कांतीच्या समोर, भिंत आणि त्याच्यामध्ये जाऊन उभी राहिली. “काका, तुमचा आवाज तवा किती तरणा व्हता,” ती म्हणाली. एवढंच. तिनं माफ केलं का, ते मला सांगता येणार नाही. पण तिनं त्याला हाताला धरून उठवलं आणि घरापर्यंत सोडलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो फोन आला.

गेल्या आठवड्यात त्याच्या मुलानं, निलेशनं खोली उघडली. टेप मंगलला न्यायला सांगितली. ती म्हणाली, “घरी नेऊन कशावर ऐकू? एकदा हितंच शेवटपर्यंत लावा.”

‘बरं, येते’ झालं. माझा हात आपोआप बटणाकडं गेला. मंगलनं तो धरला. टेप फिरत राहिली. पावलं बाहेर गेली, जीप सुरू झाल्याचा आवाज आला, कांती कोणाला तरी हाका मारत लांब गेला. मशीन बंद करायचं राहूनच गेलं होतं. मग नुसती रिकामी खोली… चिमण्या, लांबून एसटीचा हॉर्न. आम्ही तिघं त्या तीस वर्षांपूर्वीच्या सकाळी बसून होतो. आणि पावलं परत आली. बांगड्या वाजल्या. बहुतेक काहीतरी विसरलं होतं, ते शोधत असाव्यात. शोधता शोधता शेवंताबाई गुणगुणायला लागल्या, आणि मग उभ्या उभ्या, कोणीही नसताना, त्यांनी दुसरा अंतरा सबंध म्हटला. मध्ये श्वास घेत, एकदा खाकरत. ‘दिवे लागता परत येईन, दार लावून घे गं.’ बाहेरून जीपचा हॉर्न वाजला. “आले, आले,” त्या म्हणाल्या. त्यापुढं टेपचं टोक सुटून चाकावर फटफट आपटायला लागलं.

कांतीला हे माहीत नव्हतं. जे गाणं त्यानं अपुरं मानलं, ते त्याच्याच टेपवर पुरं होतं, त्याच्या बोटापुढं दोन-तीन मिनिटांवर.

निलेशनं मशीन बंद केलं. मंगल म्हणाली, “मास्तर, त्या कॉम्प्युटरवालीनं ‘उघडं ठेव’ म्हणलं व्हतं. खरं कंचं?”

“मी लिहिलं होतं ‘उघडं ठेव’च,” मी म्हणालो.

“शब्द चुकायची का ती?”

“कधीच नाही.”

तिनं टेप डब्यात घातली, डबा पदराखाली घेतला. आम्ही बाहेर आलो. निलेश कुलूप शोधायला दुकानात गेला होता आणि मी आपला खोलीत बघत उभा होतो. भिंतीकडं तोंड केलेली कांतीची खुर्ची तशीच होती, पाठीला गोधडीचं ठिगळ लावलेली. मंगलनं मला हलकेच बाजूला केलं, दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि नीट लागली का ते दोनदा ओढून पाहिलं.