दीक्षाचे लांडगे

दीक्षा कांबळे कराड आगारात कंडक्टर आहे, आणि दर दुसऱ्या रविवारी दुपारी ती आमचा जीव घ्यायला मलकापूरला येते.

इंद्रजितच्या फ्लेक्सच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं आम्ही चौघं खेळतो. दीक्षा गोष्ट सांगते: डोंगराळ मुलूख, घाट, पडके किल्ले, राक्षस. आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं होतो. इंद्रजित तलवारबाज. फिजिओथेरपिस्ट सोनिया तिथं झाडपाल्याची औषधं देणारी. आणि मी, राजवर्धन, शाळेत गणित शिकवणारा, तिथं मंत्र येणारा म्हातारा. काय करायचं ते आम्ही ठरवतो, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो (आकडा जितका मोठा तितकं बरं), आणि समोर येणारे सगळे शत्रू दीक्षाच्या हातात असतात.

दीक्षा मूळची आष्ट्याची. पुण्यात शिकताना होस्टेलवरच्या मुलींकडून हा खेळ शिकली आणि इकडं घेऊन आली. दोनशे पानी वहीत तिनं अख्खा मुलूख मराठीत लिहून काढलाय. गोष्ट सांगावी तर तिनंच. पण लढाई सुरू झाली की सगळं बसायचं. शत्रू सरळ यायचे, सगळ्यांत जवळच्या माणसावर, म्हणजे इंद्रजितवर, तुटून पडायचे आणि शेवटचा मरेपर्यंत लढत राहायचे. अकरा लढाया अशाच झाल्या. बाराव्या वेळी इंद्रजित मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "दीक्षा, तुझं राक्षस शाळंतल्या पोरांगत हायत. रांगेत येत्यात आन मार खाऊन जात्यात."

आम्ही हसलो. तीही हसली, पण त्या दिवशी वही लवकर मिटली. जिन्यात मला म्हणाली, "सर, त्याचं खरं आहे. त्यांना कशासाठी लढायचंय हेच मला माहीत नसतं."

त्याच आठवड्यात तिची ड्यूटी कराड-आटपाडी गाडीवर होती. विट्याच्या अलीकडं गाडी थोडी रिकामी झाली. खिडकीशी बाळाबाई नावाची एक पन्नाशीची बाई बसली होती. घर आटपाडीकडं, मेंढरं दीडशे. मांडीवर पिशवी, आणि पिशवीतून लोखंडी खिळे बाहेर आलेले.

"मावशी, हे काय हो? कुणाला लागंल."

बाळाबाईनं पिशवीतून जाड पट्टा काढला. चारी बाजूंनी टोकदार खिळे. "कुत्र्याच्या गळ्यात घालायचा. लांडगं आधी नरडं धरतंय. हे आसलं की त्येचंच त्वांड फाटतंय."

दीक्षा तिच्या शेजारी बसलीच. स्टॉप आला की उठायची, तिकिटं फाडायची, परत येऊन बसायची. लांडगा कसा येतो? किती येतात? कुत्री भुंकली तर काय करतात?

"एक म्होरं दिसतंय," बाळाबाई सांगत होती. "मुद्दाम दिसतंय गं! कुत्री त्येच्या मागं पळाली की बाकीचं मागनं येत्यात. आन त्यास्नी भांडायचं नस्तंय. एक मेंढरू पायजे, बास. मार बसला की पळत्यात."

आटपाडी स्टँडवर उतरायच्या आधी दीक्षानं तिचा नंबर घेतला होता.

पुढच्या खेळाच्या रविवारी दीक्षा खोलीत आली तेव्हाच मला वाटलं, आज काहीतरी आहे. ती बसेचना. गोष्टीत आम्ही एक घाट ओलांडत होतो, सोबत सोनियाच्या औषधांनी लादलेलं खेचर.

"समोर टेकाडावर एक लांडगा उभा आहे," दीक्षा म्हणाली. "तुमच्याकडं बघतोय."

"धावून जातो," इंद्रजित म्हणाला.

"तो मागं सरकतो. पळत नाही. जरा पुढं जाऊन परत थांबतो."

"आणखी पुढं जातो!"

"किती?"

"चाळीस पावलं."

दीक्षा माझ्याकडं वळली. "राजवर्धन सर, खेचर कुठं बांधलंय?"

"मागं, झुडपाला," मी म्हणालो. मागच्या ओघळीतून तीन लांडगे वर आले होते आणि आमचा तलवारबाज चाळीस पावलं लांब! इंद्रजितनं मोबाईल पालथा टाकला आणि टेबलावर दोन्ही हात आपटले. सोनिया ओरडली, "मी जेवणाचं ताट घेते आणि दगडानं बडवते!" फासा टाकला. वीस!

आता लांडगे काय करणार? दीक्षाला ठरवता येईना. तिनं फोन काढला आणि स्पीकरवर टाकला.

"मावशी, लांडगं आल्यात. चार हायत. एकजण ताट वाजवतंय."

"कुत्री सोडा!" पलीकडून बाळाबाई कडाडली. "बारकी पोरं मधी घ्या!"

"आवं मावशी, खरं न्हाई. खेळ चाललाय."

बाळाबाईचा आवाज खाली आला. मग, "म्हंजे लांडगं तुझ्या हातात?"

"व्हय."

"मग बिचकव की. पर लय लांब जायाची न्हाईत ती. इस पावलांवर बसतील. ताट वाजवून हात दुखला की परत येत्यात."

"माझा हात दुखत नाही!" सोनिया फोनवर वाकून म्हणाली.

"दुखंल की बाई."

लांडगे बिचकून वीस पावलांवर बसले आणि थोड्या वेळानं पुन्हा आलेच. मी माझा एकुलता एक अग्निमंत्र टाकला. एका लांडग्याची पाठ भाजली, तो कळवळून ओघळीत पळाला आणि परत आलाच नाही. ओघळीतून आलेले उरलेले दोघं आमच्याकडं बघतसुद्धा नव्हते. त्यांची नजर खेचरावर. खेचर आवरायला मी फासा टाकला. पडले तीन. दावं तुटलं, खेचर उतारावरून उधळलं आणि लांडगे आम्हाला सोडून त्याच्या मागं! सगळी औषधं गेली. इंद्रजित अजून धावत परत येतच होता.

आम्ही हरलो होतो, आणि तिघंही उभे राहून आरडत होतो.

"खेचर गेलं का?" फोनमधून आवाज आला.

"गेलं मावशी!"

"अरारा. दावं जुनं आसंल."

त्यानंतर दीक्षाच्या वहीत प्रत्येक शत्रूखाली दोन ओळी आल्या. ह्याला काय हवंय? हा कधी पळेल? पुढच्या खेळात दरोडेखोर आले, आणि त्यांचा म्होरक्या लढता लढता सारखा मागं बघत होता. सोनियानं ते हेरलं. मागं झोळीत त्याचा तापानं फणफणलेला भाऊ होता. तिनं हत्यार खाली ठेवलं आणि उपचार करते म्हणाली. दीक्षानं वहीतल्या त्या दोन ओळी बघितल्या, मग म्होरक्याची तलवार खाली आली. तो आता आमचा वाटाड्या आहे. इंद्रजित मला म्हणतो, "आता लढाईत मोबाईल बघायची सोय न्हाई राह्यली, गड्या."

गेल्या महिन्यात सांगलीच्या मुलांनी दीक्षाला खेळ घ्यायला बोलावलं. तीस-बत्तीस जण आले होते. तिनं रजा टाकली आणि बाळाबाईला गाडीत घालून आणलं. बाळाबाई आधी भिंतीला टेकून नुसती बघत होती. मग खुर्ची ओढून दीक्षाच्या शेजारी बसली, वीस बाजूंचा फासा हातात घेऊन फिरवून बघितला आणि समोरच्या पोरांना म्हणाली, "बोला. कोण कोण हाय तुमच्यात, आन पळायला कोण कच्चं हाय?"