माशी धरणारं झाड

शहापुरात आमच्या शेजारचे अण्णा मागावरून उठले की थेट कट्ट्यावरच्या कुंडीपाशी जायचे. कुंडीत माशी धरणारं झाड होतं. त्याला नळाचं पाणी सोसत नाही म्हणून पावसाळ्यात ते पागोळ्यांचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवायचे. थंडीत पानं काळी पडली की त्यांची बायको, आमच्या आक्का, कुंडी टाकून द्यायला निघायच्या. "मेलं न्हाय गं, निजलंय," अण्णा म्हणायचे. कुणी उघड्या पानात बोट फिरवलं की मात्र ओरडायचे, माझ्यावरही ओरडलेत. "फुकट मिटवू नगासा! लई दमतंय ते. चार-पाच खेपंला पान वाळून जातंय."

वैशाखात आक्का गेल्या. भेटायला आलेली माणसं कट्ट्यावर बसली. काय बोलावं कुणालाच सुचेना, म्हणून जो तो गुपचूप पानात बोट फिरवून बघायला लागला. पानं एकेक करून रिकामीच मिटत गेली. अण्णा नुसते बघत होते.

माणसं उठून गेली तेव्हा एकच पान उघडं होतं. अण्णांनी त्यात स्वतःचं बोट फिरवलं. पान मिटलं. मी घरी जायला निघालो तरी त्यांनी बोट काढलं नव्हतं.