तराजूचं चित्र

नऊ फेब्रुवारी, सोमवार. एक्सपायरी काढायचं काम. महिन्यातून एकदा दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढते आणि एकेक खण तपासत जाते. मुदत संपत आलेला माल खोक्यात, बाकीचा जागेवर. वीस वर्षं पनवेलमध्ये मेडिकल चालवते आहे. या कामाला डोकं लागत नाही, त्यामुळे ते इकडेतिकडे फिरतं.

त्या दिवशी ते एका खाकी पाकिटाशी अडलं. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतली एक बाई उलव्याला बांधकामावर जाते. तिच्या मुलीला फिट येतात. तिच्या गोळ्या मी तयार ठेवते आणि आई दर महिन्याच्या एक-दोन तारखेला घेऊन जाते. आज नऊ तारीख, आणि पाकीट इथेच.

माझ्या पाकिटांवर चित्रं असतात. वाचता न येणारी गिऱ्हाइकं बरीच, म्हणून सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, आणि कोपऱ्यात गोळी कशासाठी ते. बीपीला हृदय, फिटला वीज. हृदय आंब्यासारखं दिसतं असं लोक सांगतात, पण गोळ्यांची अदलाबदल होत नाही.

मी तिला फोन लावला.

"ताई, त्या गोळ्या आता नको," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी बंद केल्या?"

"नाय, मीच बंद केल्या. पोर आदीच काटकी हाय, आन तुमी तिला वजन उतरवायची गोळी देता."

"कोण म्हणालं असं?"

"तुमीच! मागल्या हप्त्यात आले तवा माज्याफुडं ती सोसायटीवाली बाई हुती. तिला हीच हिरवी पट्टी दिली, पाकिटावर तराजू काडला. ती बोलली, चार किलो उतरलं; मी तशीच मागारी फिरले. मी काय भैरी हाय?"

बहिरी नव्हती. आंधळीही नव्हती. पट्टी तीच होती आणि तराजू मीच काढला होता.

"गोळी बंद करून किती दिवस झाले?"

"पाच दिस. काल एक फिट आली. बारकी."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. तिला सांगितलं की गोळी फिटचीच आहे, पोरीची तीच आहे, आणि ती अशी एकदम बंद केली तर मोठी फिट येऊ शकते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "मंग त्या बाईला का दिली?"

याचं उत्तर लांबलचक होतं, आणि त्यात मी होते. म्हटलं, "ते नंतर सांगते." सरकारी दवाखान्यात मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आज रात्री एकच गोळी द्या, उद्या सकाळी तिला घेऊन या, पुढचं मी बघते. घरी अर्धी पट्टी शिल्लक होती. मी वाडीला पुन्हा फोन करून दोनदा वदवून घेतलं: आज रात्री, एक.

आता ते लांबलचक उत्तर. गेल्या वर्षी ही गोळी बनवणाऱ्या कंपनीचा एमआर, म्हणजे औषधांचा प्रचार करत फिरणारा प्रतिनिधी, एक गुळगुळीत कार्ड ठेवून गेला. कार्डावर कमरेला टेप लावलेली बाई. या गोळीने भूक मंदावते, असं तो म्हणाला. पुढे जवळच्या एका डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वजनासाठी यायला लागल्या आणि मी तराजू काढू लागले. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर मंजूर नसलेल्या कारणासाठीही औषध लिहू शकतात, समोर पेशंट असतो. पण औषधाचं जे काम सरकारपुढे सिद्ध केलेलं नाही त्याचा प्रचार कंपनीने करायचा नाही. हे मला माहीत होतं. तरी कार्ड काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं. चांगलं जाड होतं, म्हणून.

सोमवार हाच त्या एमआरचा दिवस. पंधरा वर्षं येतो, डोक्यावरचे केस माझ्यासमोर गेले. चार वाजता आला तेव्हा मी गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद त्याच्यापुढे उलगडला.

"यात वजन कुठे आहे ते दाखव."

"मॅडम, आज चहा नाही वाटतं?"

"आधी वजन दाखव."

त्याने कागद उलटसुलट केला. "नाहीये. अहो, पण सगळेच सांगतात."

मी त्याला वाडीतल्या मुलीचं सांगितलं. तो स्टुलावर बसला.

"मीटिंगमध्ये पाठ करून घेतलं होतं आमच्याकडून," तो म्हणाला. "तुम्ही तक्रार करा. माझं नाव नको. कार्डाच्या तळाला बारीक नंबर आहे ना, तो घाला. कुणी छापलं, कधी वाटलं, सगळं निघतं त्यावरून."

"आणि तू?"

"मी आजपासून फिटचीच सांगणार. टार्गेट बोंबलू दे." बॅगेतली उरलेली कार्डं त्याने काउंटरवर ठेवली. "ही माझ्याकडे नव्हतीच हं."

मग त्याला चहा मिळाला.

संध्याकाळी मी पानभर तक्रार लिहिली: एक प्रत औषध प्रशासनाला, एक कंपन्यांच्या संघटनेला. कार्ड माझ्या काचेखाली होतं, हेही लिहिलं. ते वगळून तक्रार करण्यात अर्थ नव्हता. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही फोन केला. ते आधी चिडले; मग म्हणाले, कार्डाची एक प्रत मला पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी दवाखान्यात पोचले. मायलेकी आधीच रांगेत होत्या. रात्री फिट आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी गोळी कशी वाढवायची ते लिहून दिलं. मी पाकिटावर सूर्य-चंद्र काढले, वीज जरा मोठी काढली. आईने पाकीट उजेडाकडे धरून सगळे कोपरे तपासले. "तराजू नाय ना?"

"नाही."

"बगते हां मी दर टायमाला."

"बघच."

तिथून पोस्टात जाऊन तक्रारीची दोन्ही पाकिटं रजिस्टर केली. दुकान उघडलं, काच पुसली, आणि सोसायटीतल्या बाईंना फोन लावला. त्या घेतात ती गोळी मुळात कशाची आहे, हे त्यांना आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.