नऊवर राहिलेली दुर्बीण

दौलतरावांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि नाकही चांगलं मोठं होतं. साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. २००१ साली उम्म अल कुवैनच्या बाहेर ते एका अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, शेळ्या राखत होते. सोबत पेशावरकडचा यूनुस. दोघांत एक खोली, एक स्टोव्ह आणि दीडशे शेळ्या.

त्या हिवाळ्यात भटक्या कुत्र्यांची टोळी मागे लागली. ती कुत्री शेळी धड खातही नसत. कासेला धरून फाडायची आणि पुढचीकडे वळायची. फाटलेली शेळी आतडी वाळूत ओढत बराच वेळ जिवंत असे. दौलतराव पोती शिवायच्या दाभणाने तिचं पोट शिवत, तरी ती मरायचीच. एकदा एक कुत्रं कुंपणाच्या तारेत अडकलेलं सापडलं. दौलतरावांनी ते फावड्याने ठेचलं आणि मेल्यावरही ठेचत राहिले. यूनुसने मागून धरलं तर त्यालाच कानफटात बसली. तासाभराने स्वतःच त्याला चहा करून दिला. माणूस असा होता.

अकरा शेळ्या गेल्यावर अरबाबने निकाल दिला. आणखी एक गेली तर दोघांपैकी एकाचा व्हिसा रद्द, कोणाचा ते दोघांनीच ठरवायचं. आपली जुनी शिकारीची रायफल त्याने दिली आणि तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीसाठी चारशे दिरहम ठेवले.

म्हणून ते दुबईला, देऱ्यातल्या आमच्या दुकानात आले. मी सूर्यकांत, त्यांच्या जुन्या ओळखीचा, दहा वर्षं तिथे शिकारीचं सामान विकत होतो. आल्या आल्या त्यांनी सगळ्यात लांबडी दुर्बीण उचलली.

"ही सहा ते चोवीस पट मोठं दाखवते. अडीचशेच दिरहम, म्हणजे आपले बत्तीसशे. खलास, हीच द्या."

"दौलतराव, नंबर मोठा म्हणजे माल मोठा नाही. जरा दारात चला."

दिवस मावळत होता. समोरच्या इमारतीवरची पाटी मी त्यांना दोन्ही दुर्बिणींतून दाखवली. चोवीसवर पाटी काळपट, थरथरणारी. दुसरी तीन ते नऊची, तीनशे ऐंशीची, तिच्यातून अक्षरन् अक्षर स्वच्छ.

"कमी पैशात एकतर मोठा नंबर मिळतो, नाहीतर चांगली काच. तुम्ही काच घ्या. आणि चालताना, हलत्या जनावरावर, कायम तीनवर ठेवा. तीनवर आजूबाजूचं दिसतं. नऊ फक्त लांबचं निवांत बघायला."

"नऊचे पैसे देऊन तीनवर बघू? भले शाबास!"

पण घेतली तीच. बसवायला आणि नेम जुळवायला मी गुरुवारी दुपारी येतो म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्यांची गंमत वाटायची आणि अल मनखूलच्या घरातून एक दिवस सुटका हवी होती.

गुरुवारी शंभर मीटरवर रंगाचा रिकामा डबा ठेवला. पहिली गोळी त्यांनी फौजी सवयीने डोळा अगदी जवळ नेऊन झाडली. रायफलने धक्का दिला आणि दुर्बिणीच्या कडेने भुवई चिरली. रक्त मिशीपर्यंत आलं. यूनुस हसत सुटला. दौलतराव शिव्या देत स्वतःही हसले. मग मी डोळा चार बोटं लांब ठेवायला शिकवलं. नेम बारीक जुळवायला दुर्बिणीवरचं पट बदलायचं कडं नऊवर फिरवलं आणि म्हणालो, "झालं की मी परत तीनवर आणून ठेवतो."

सहा गोळ्यांत डब्याची चाळण झाली. मग चहा, मग यूनुसने भाजलेल्या रोट्या, मग गप्पा, आणि रात्री मी तिथेच मुक्काम केला. कडं मी फिरवलंच नाही. ध्यानातच राहिलं नाही.

शुक्रवारी चांगलं उजाडलं होतं तेव्हा शेळ्या किंचाळल्या. पाच कुत्री कुंपणाखालून आत शिरली होती. दौलतरावांनी खुंटीवरची रायफल ओढली आणि गुडघा टेकला. पहिल्या गोळीत एक काळं कुत्रं उलटून पडलं आणि स्वतःच्या फाटलेल्या पोटाला चावत गरगरत राहिलं. चाळीस मीटरवर एका तांबड्या कुत्र्याने गाभण शेळी खाली पाडली होती. बारावी शेळी. दौलतराव तिकडे वळले.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो, नुसत्या डोळ्यांनी सगळं बघत. डावीकडून यूनुस काठी घेऊन धावत आला. अंगावर त्याची नेहमीची तपकिरी चादर. त्याने कुत्र्याच्या पाठीत काठी घातली आणि शेळीला ओढायला वाकला. दौलतरावांच्या नऊवरच्या काचेत जेमतेम एक शेळी मावेल एवढाच तुकडा होता, आणि त्यात फक्त तपकिरी रंग हलत होता.

"दौलतराव, थांबा! यूनुस!"

गोळी सुटली होती. ती यूनुसच्या मानेखालून शिरली आणि छाती फोडून बाहेर आली. तो शेळीवरच पडला. दौलतराव पळत गेले आणि दोन्ही हातांनी ते भोक दाबायला लागले. रक्त बोटांमधून उसळत होतं. "यूनुस, देख मेरी तरफ. देख ना, भाई." पिकअपमध्ये त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. गाडी मी चालवत होतो. डांबरी रस्ता लागायच्या आधीच तो गेला. तरी ते त्याच्याशी बोलत राहिले.

पोलिसांनी रायफल टेबलावर ठेवली. कड्यावर बोट ठेवून अधिकाऱ्याने हिंदीत विचारलं, "ये नौ पर किसने रखा?"

दौलतरावांच्या कपड्यांवर रक्त वाळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी बायको, माझी मुलगी, माझी नोकरी, सगळं त्यांना माहीत होतं.

"मैंने," ते म्हणाले.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. भीती वाटली, दुसरं कारण नाही. माझा जबाब तीन ओळींचा झाला आणि मला जाऊ दिलं.

घरी गेल्यावर माझ्या सोनमने विचारलं, "बाबा, डिड यू शूट एनिथिंग?"

"नाही," मी म्हणालो, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो.

दौलतराव तीन वर्षं आत होते, मग त्यांना परत पाठवलं. तुरुंग आमच्या घरापासून पाऊण तासावर होता. मी एकदाही गेलो नाही.